पांढरे ठिपके कुणाचे?

“मुद्दाम केलंस तू.”

“मी?”

“मग कोण, भुतानं? माझा जिवाणू तुझ्याकडे होता, तुझा माझ्याकडे. तुझा बघ, लालभडक. आणि माझा? पांढराफटक. सांग ना सगळ्यांसमोर, कसं काय?”

“मला काय माहीत कसं काय. मी जसा सांभाळायचा तसा सांभाळला.”

“सांभाळला! हात तरी धुतले होतेस का?”

प्रणाली तायडेनं हातातला काचेचा चंबू टेबलावर ठेवला. आपटला नाही. ठेवला.

“परत म्हण.”

शौनक बेलसरेनं परत म्हटलं.

खोलीत वीसेक पोरं होती. एकानंही मान वर केली नाही.

हात धुतले होते का, हा प्रश्न प्रयोगशाळेत रोज कुणी ना कुणी विचारतंच. पण कोण कुणाला विचारतंय, त्यावर तो कुठे लागतो ते ठरतं. तायडेंच्या मुलीला बेलसरेंच्या मुलानं विचारला, आणि तो कुठे लागला हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. न कळल्यासारखं करण्यात आपली शिकलेली माणसं पटाईत असतात.

मी तिथेच होते म्हणून हे सांगते आहे.

चिखलदऱ्याच्या पठारावर मे महिन्यात एक उन्हाळी शाळा भरते. शाळा म्हणायची, पण पोरं सगळी मोठी, पीएच.डी. करणारी. जिवाणूंच्या आतली रचना बदलायची आणि त्यांच्याकडून आपल्याला हवं ते काम करून घ्यायचं, हे त्यांचं शास्त्र. इंजिनियर पूल बांधतो, ही पोरं जीव बांधतात.

त्यांना आपलं काम चार माणसांना कळेल अशा मराठीत सांगता येत नाही. ते शिकवायला मला दरवर्षी बोलावतात. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पुढचं माझं मी वाचलं, आणि कुणाला घाबरून वाचलं नाही. माझं एवढं पुरे.

शाळा चालवतात त्या काळमेघबाई. डॉक्टर वत्सला काळमेघ. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, अंगानं वाळक्या, पाठीनं ताठ. आवाज इतका बारीक की ऐकायचा तर बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात.

बाईंचा एक नियम आहे. आपण बांधलेला जीव आपण सांभाळायचा नाही. पहिल्याच दिवशी तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा. पोरं याला ‘दत्तक देणं’ म्हणतात. त्या दिवशी फार घालमेल चालते. आपलं लेकरू परक्याच्या हातात कसं राहील, काय खाईल, याच्या सूचनाच संपत नाहीत.

लेकरू म्हणजे काय, तर बोटभर नळीत गढूळसं पाणी. पण त्यात कुणाच्या ना कुणाच्या तरुणपणाची वर्षं गेलेली असतात. हसायचं काम नाही.

यंदा सगळ्यांना एकच काम दिलं होतं. खाली काही गावांत विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड फार. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, म्हातारपणाच्या आधीच गुडघे वाकतात. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. तेव्हा असा जिवाणू बांधायचा, की वाईट पाण्याचे थेंब पडले की त्यानं रंग दाखवावा.

आणि तो गावातच जगला पाहिजे. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या बंद खोलीत तिथल्या बायकांनी तो सांभाळायचा. विरजणासारखा. कालच्यातला थेंब घ्यायचा, आज नव्या खाद्यात टाकायचा. जिवाणूंच्या या पातळ खाद्याला पोरं रस्सा म्हणतात.

बाकीच्यांचे जिवाणू या ना त्या कारणानं गळाले. राहिले दोन. शौनकचा, जो निळा होतो. प्रणालीचा, जो लाल होतो. आणि दत्तक देताना नेमके हे दोघंच एकमेकांच्या वाट्याला आलेले.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर यायच्या होत्या. दोनातला एक जिवाणू त्यांच्याबरोबर जाणार होता. आणि भांडणाच्या सकाळीच, दत्तक दिल्यापासून आठवड्यानं, शौनकचा जिवाणू निळा व्हायचा थांबला होता.

“बाई, मला स्पष्ट बोलू द्या,” शौनक म्हणाला. “हिच्या रश्श्याचा थेंब बशीत पसरला, तर निळ्याऐवजी पांढरे ठिपके उगवले. दुसरंच काहीतरी वाढलंय. माझ्या जिवाणूला त्यानं खाऊन टाकलं. चुकून झालं असेल तर हिला काम येत नाही. मुद्दाम झालं असेल तर मग काय ते तुम्हीच म्हणा. कसंही धरा, हिनं इथे राहू नये.”

“आणि विहिरीवर कुणाचा जाईल?” बाईंनी विचारलं.

“विहिरीवर माझा जाणार होता. सगळ्यांना माहीत होतं.”

“मला नव्हतं.”

मागून कुणीतरी खुसखुसलं.

शौनक हुशार होता. त्यात वाद नाही. परदेशातल्या दोन प्रयोगशाळांतून त्याला बोलावणं होतं, आणि ते त्यानं नाश्त्याच्या रांगेतसुद्धा ऐकवलेलं. बोलायला लागला की समोरच्याला आपण काल जन्मलो असं वाटावं, अशी त्याची तऱ्हा. मला नाही तसं वाटलं. पण मी म्हातारी आहे, माझं सोडा.

“माझा जिवाणू असा पांढरा पडूच शकत नाही,” तो म्हणाला. “मी तो वर्षभर सांभाळलाय. रोज. एक दिवस रंग चुकला नाही. त्याच्या आतला एकेक तुकडा मी बसवलाय, बाई. मी सांगेन तेच तो करतो.”

“हं,” बाई म्हणाल्या.

“हं नको, बाई. निकाल द्या.”

“प्रणाली, तुला काय म्हणायचंय?”

इतका वेळ ती पुस्तकी मराठीत बोलत होती. आता ती मराठी गळून गेली.

“मले काय म्हनायचं? म्या काहीच केलं नाई. रोज सकाळी उठाव, चंबूतला थेंब घ्याव, नव्या रश्श्यात टाकाव. बस. माह्या गावच्या पान्यासाठी हे काम चाललं, बाई. मी काहून बिघडवीन?”

बोलताना तिनं तोंडावर हात घेतला. ती नेहमीच घ्यायची. हात खाली आला तेव्हा दातांवरचे पट्टे दिसले. शौनकनं पहिल्या दिवशी पडद्यावर असल्याच दातांची चित्रं दाखवली होती, एकामागून एक. तेव्हाही ती हात तसाच धरून बसली होती.



“शौनक, तुझ्या जिवाणूत तुझी खूण आहे ना?”

“आहे.”

हेही सांगून टाकते. ही पोरं आपल्या जिवाणूच्या आत, त्याच्या वंशाच्या धाग्यात, आपली एक बारीक खूण घालून ठेवतात. भांड्यावर नाव घालतात तशी. ती दुसऱ्या कुठल्या जिवाणूत असायची नाही.

“मग त्या पांढऱ्या ठिपक्यांत खूण आहे का, ते शोध.”

“कशाला? ते माझे नाहीतच.”

“मग सापडणार नाही. तू सुटलास, ही गेली. जा.”

तो गेला. आत्मविश्वासानं गेला. दोघांना साक्षीला घेऊन गेला.

प्रणाली तिथेच उभी. बाईंनी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांनी डब्यातून संत्र काढलं आणि सोलायला लागल्या. अर्धं तिच्यापुढे धरलं.

“नको, बाई.”

“संत्र आहे. निकाल नाही.”

तिनं घेतलं. खाल्लं नाही.

…

दुपारच्या चहाला शौनक आला. साक्षीदार त्याच्या जरा मागे चालत होते. तेवढ्यावरून मला कळलं.

“काय निघालं?” बाईंनी विचारलं.

“खूण आहे.”

“कुणाची?”

“…माझी.”

“म्हणजे पांढरे ठिपके कुणाचे?”

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

“अरे, लाजतोस काय? तुझेच आहेत ते. पोटचे. रंग तेवढा टाकलाय त्यांनी. रंग करायचं ओझं नाही, म्हणून भराभर वाढलेत.”

मागे पुन्हा खुसखुस. या वेळी जरा मोठी.

“बोल ना आता!” प्रणाली म्हणाली. “सकाळी लय बोलत होता. दुसरंच काही वाढलं म्हने! घे, तुहेच पोट्टे आहेत.”

शौनकचे कान लाल झाले. पण तो सहजी मागे हटणाऱ्यातला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो पहिल्यांदा थोडा आवडला. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. साक्षीदार असते-नसते तरी सांगितलं नसतं.

“माझे आहेत, मान्य,” तो म्हणाला. “पण मग माझ्या हातात वर्षभर निळे राहिले ते? हिच्या हातात पांढरे झाले. हात बदलला आणि जिवाणू बदलला. म्हणजे दोष हातातच आहे ना, बाई? सांभाळायची एक रीत असते. ती हिला येत नाही.”

“तुला येते?”

“येते.”

“दाखव.”

“माझा तर माझ्याकडे नाही. तुमच्याच नियमानं.”

“हिचा आहे ना तुझ्याकडे? तोच दाखव. हिचा कसा सांभाळलास, ते आम्हाला बघू दे. शिकेल ही पण.”

शौनकच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. हे त्याला येत होतं. हे तो झोपेतही करू शकला असता.

तो आतून दोन प्लेट घेऊन आला. प्लेट म्हणजे काचेसारखी चपटी झाकणबशी, आत जेलीसारखं घट्ट खाद्य. त्या खाद्यात फ्लोराइड घातलेलं असतं. जिवाणू त्यावर पसरायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूचं गोत. जो काम करतो त्याचा ठिपका रंगीत.

सगळे टेबलाभोवती जमले. मीही खुर्ची ओढली.

“हे असं,” शौनक म्हणाला. आवाज मास्तरांचा. “हा प्रणालीचा जिवाणू. रोज सकाळी मी हिच्यासारखा चंबूतला थेंब तसाच पुढे ढकलत नाही. तो आळशीपणा झाला. मी आधी प्लेटवर पसरतो. ठिपके येऊ देतो. मग नीट बघतो.”

त्यानं प्लेट उजेडात धरली. लाल ठिपके. कुंकवाच्या बोटांसारखे. सुंदर दिसत होते.

“मग त्यातला सगळ्यात छान लाल ठिपका निवडायचा. हा, समजा. तारेनं उचलायचा आणि तो नव्या रश्श्यात. दुसऱ्या दिवशी परत तेच. म्हणून हिचा जिवाणू आज असा दिसतोय. माझ्या मेहनतीमुळे, खरं तर. हिनं आभार मानायला हवेत.”



बाई प्लेटवर वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

“हे काय आहे?”

“कुठे?”

“इथे. कडेला. आणि हे.”

“ते पांढरे आहेत.”

“कुणाचे?”

“हिचेच. असतात थोडे.”

“रोज असतात?”

“…असतात. हल्ली जरा जास्त येतात.”

“त्यांचं काय करतोस?”

“काय करणार? ते चुकीचे आहेत. टाकून देतो.”

“कुणाला सांगितलंस?”

“बाई, यात सांगायचं काय? सगळेच टाकतात.” त्यानं आजूबाजूला पाहिलं. “टाकता ना रे?”

वीस माना टेबलाकडे झुकलेल्या. एकही हलली नाही, आणि नाही असंही कुणी म्हणालं नाही. मला नंतर कळलं की पहिल्या वर्षापासून यांना हेच शिकवतात. चांगला दिसेल तो ठिपका उचला. यांच्या बोटांना आता ते वेगळं सांगावंच लागत नाही. भाजीवालीकडे गेल्यावर आपला हात जसा आपोआप किडकं वांगं बाजूला सारतो.

प्रणाली मात्र कडेच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत राहिली होती. ते तिचे होते. तिच्या जिवाणूचे.

“थांब,” ती म्हणाली. “माझा पण पांढरा होतो?”

शौनक गोंधळला. “होतो थोडा. पण मी होऊ दिला नाही ना.”

“किती दिवसांत होतो?”

“मला काय माहीत? मी होऊच दिला नाही म्हणतोय ना.”

…

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून शौनकच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“तार हातात घे.”

त्यानं घेतली.

“प्लेट उघड.”

उघडली.

बाईंनी मागून दोन्ही हात पुढे आणले आणि त्याचे डोळे झाकले. लहान पोरं झाकतात तसे. त्याचा चष्मा कपाळावर सरकला.

“उचल आता.”

“बाई?”

“रोजच्यासारखा. उचल.”

शौनकचा हात प्लेटवर आला. तार थरथरली नाही, पण खालीही गेली नाही. हवेतच थांबली.

बाहेर वाऱ्यानं एक खिडकी आपटली. कुणीतरी ती लावायला गेलं आणि अर्ध्यातून परत आलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“दिसत नाही.”

“हं.”

“दिसल्याशिवाय कसा उचलू?”

“विरजण लावताना गावातली बाई काय बघून लावते?”



तार अजून हवेतच होती. मग त्यानं ती हळूच बाजूला ठेवली. न बघता ठेवली आणि बरोबर जागी ठेवली, इतका तो हात तयार होता. त्याच हाताला, डोळे झाकले म्हटल्यावर काय करायचं ते कळेनासं झालं होतं.

बाईंनी हात काढले. त्याचा चष्मा नीट नाकावर बसवला. मग आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि राहिलेलं संत्र खायला लागल्या.

पहिल्यांदा बोलली ती प्रणाली.

“म्हणजे माझा लाल…” तिनं प्लेटकडे बोट केलं. “माझा लाल, तो माझा नाहीच. तो याच्या डोळ्यांचा आहे.”

“आणि माझा पांढरा,” शौनक सावकाश म्हणाला, “तो खरा माझा.”

बाईंनी एक बी तोंडातून काढून वाटीत टाकली.

शौनक प्रणालीकडे वळला. इतक्या दिवसांत त्यानं तिच्याकडे नीट असं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

“तू नुसता थेंब पुढे टाकत गेलीस? एकदाही निवडलं नाहीस?”

“तूच सांगितलं होतंस ना पहिल्या दिवशी. गावातल्या बाया विरजणासारखा सांभाळतील. मग मी तसाच सांभाळला. गावातल्या बाईनं जसा सांभाळला असता, तसा.”

“मी तसं बोललो होतो.”

“लय टाळ्या पडल्या होत्या.”

“हो…” तो म्हणाला. मग, “प्रणाली, सकाळी मी हातांबद्दल जे बोललो, ते…”

“ते जाऊ दे.”

“बरं.”

“नाही. जाऊ नको देऊ. सगळ्यांसमोर बोललास ना? मग सगळ्यांसमोर परत घे.”

मला वाटलं तो आता इंग्रजीत काहीतरी गुळगुळीत बोलेल. नाही बोलला. तो टेबलापासून दोन पावलं मागे झाला, खोलीकडे तोंड केलं आणि मराठीत, पुरतं वाक्य म्हणाला.

“हिचे हात स्वच्छ होते. मी बोललो ते घाण होतं. परत घेतो.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं. प्रणालीनं फक्त मान हलवली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. का म्हणावं?

इथे भांडण मिटायला हवं होतं. मिटलं नाही. उलट खरं भांडण इथून सुरू झालं, आणि ते भलत्याच दिशेनं गेलं.

“बाई,” शौनक म्हणाला, “माझा जिवाणू टाकून द्या. उद्या सिस्टरबरोबर प्रणालीचा पाठवा.”

“माझा नाही जाणार,” प्रणाली म्हणाली.

“का? तो अजून लाल आहे.”

“तू निवडलास म्हणून लाल आहे! गावात कोण निवडणार? एके दिवशी पांढरा पडेल. आणि पांढरा पडला की काय होईल, माहीत आहे? कुणी वाईट पाणी आणून टाकेल, रंग येणार नाही. मग ती बाई म्हणेल, रंग नाही, पाणी चांगलं आहे. आणि घरी जाऊन पोराला पाजेल.” तिचा श्वास चढला होता. “माझ्या आईनं पाजलं असतं. तिला कुणी सांगितलं असतं ना की रंग नाही म्हणजे चांगलं, तर तिनं आनंदानं पाजलं असतं.”

“मग माझा तर पडलाच आहे पांढरा! तो तर नकोच.”

“मग कुणाचाच नको.”

“कुणाचाच नको? आणि गावाला काय सांगायचं? आम्ही हुशार लोक वर थंड हवेत बसलो होतो, दोन जिवाणू बांधले, दोन्ही टाकून दिले? आज ते काय बघून पाणी पितात? काहीच नाही. काहीच नसण्यापेक्षा तुझा बरा.”

“खोटा धीर देण्यापेक्षा काही नसलेलं बरं!”

“तू हट्टीपणा करतेयस.”

“आणि तुला एकदम उदार व्हायचंय! सकाळी माझा जिवाणू नको होता, मीही नको होते. आता म्हणतोस माझाच पाठवा. अपराध वाटतो म्हणून गावाला काहीतरी पाठवायचं का?”

ते त्याला लागलं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

“मग तू सांग काय करायचं,” तो म्हणाला. “तुझं गाव आहे.”

“मला नाही माहीत!” ती ओरडली. “मला माहीत असतं तर मी इथे कशाला आले असते?”

आता सगळी पोरं बोलायला लागली. कुणी म्हणे लाल पाठवा. कुणी म्हणे सिस्टरना फोन करून पुढच्या वर्षी या म्हणून सांगा. कुणी म्हणे दोन्ही पाठवा, एक तरी चालेल. एकानं तर उपकेंद्रातल्या बायकांना प्लेटवरचे ठिपके निवडायला शिकवू या म्हणून सुचवलं. त्यावर दुसऱ्यानं विचारलं की त्या ठिपके निवडत बसल्या तर उपकेंद्र तू चालवणार का. गलका वाढत गेला. सकाळी माना खाली घालून बसलेली हीच पोरं. बोलायचं नव्हतं तेव्हा गप्प, आणि गप्प बसायला हवं तेव्हा हे असं.

बाईंनी संत्र्याची सालं गोळा केली. वाटीत भरली. वाटी बाजूला सारली. आणि मग त्या काहीतरी बोलल्या, इतक्या हळू, की कुणालाच ऐकू गेलं नाही.

गलका थांबला.

“काय म्हणालात, बाई?” शौनकनं विचारलं.

“म्हटलं, शौनकचा जाईल.”

“बाई!” हे दोघंही एकदमच म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं.

“तो तर बिघडतो, बाई,” प्रणाली म्हणाली. “सगळ्यांनी पाहिलंय. आठवडाभर नीट चालतो आणि मग बिघडतो. माझ्या हातात बिघडला.”

“मी बांधलाय, मी सांगतो, तो बिघडतो,” शौनक म्हणाला. “आणि प्रणालीचा एकदाही बिघडलेला कुणी पाहिला नाही. मग माझा का?”

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कारण किती दिवसांत बदलायचा, ते सिस्टरना सांगता येईल. त्याचं बिघडणं आपल्या ओळखीचं झालंय.”